डूलालीच्या बदल्यात सही

देवळाली बाजार
१९ जून १९३४

रंगनाथ,

आशीर्वाद घे आणि बाजूला ठेव. कामाचं बोलू.

तुझं पाकीट मिळालं. लग्नानंतरचं पहिलंच. जाड लागलं हाताला, म्हणून वाटलं पोरानं आईची चौकशी केली असेल सविस्तर. उघडलं तर आत शब्द. इंग्रजी शब्द, आपल्या अक्षरांत लिहिलेले, प्रत्येकाखाली रेघ. आणि वर तुझा हुकूम, की आजी, हे शब्द तू कॅम्पातल्या गोऱ्या सोजिरांच्या तोंडी ऐकले होतेस का, आणि कोणत्या प्रसंगी.

प्रसंगी! तुझ्या त्या प्रोफेसर साहेबाला सांग, आम्ही परीट माणसं. सोजिरांचे कपडे धुतले, प्रसंग धुतले नाहीत. आपल्या देशातले कोणते शब्द इंग्रजांनी उचलून नेले याचं पुस्तक करतोय म्हणे तो, आणि तू त्याचा कारकून. चांगलं आहे. नेलेल्या मालाची यादी चोरच करतोय हे पहिल्यांदा ऐकलं.

तरी लिहिते. अक्षरं मला तूच शिकवलीस, शाळेत जायला लागलास तेव्हा, इस्त्रीच्या चादरीवर ओलं बोट फिरवून. वरून इस्त्री गेली की अक्षर वाफ होऊन जायचं. म्हणून माझं लिहिणं असं घाईचं आहे. समजून वाच.

मुंगूस. तू लिहितोस की इंग्रज मुंगसाला जे म्हणतात ते आपल्या मराठीतूनच गेलं. असेल. मुंगूस त्यांनी नेलं, साप इथेच ठेवले.

चिट. ही आपली चिठ्ठी, हे तुझा आजाही सांगू शकला असता. गाठोडं घेऊन तो बराकीत शिरला की दारावरचा सोजीर ओरडायचा, चिट कुठाय. ठ्ठी त्यांच्या तोंडाला झेपली नाही, गिळून टाकली.

डेको. म्हणजे देखो. बाजारात बाई दिसली की एकमेकांना कोपर मारून म्हणायचे. हा तुझा प्रसंग. लिहून घे.

आता माझं ऐक. तुझी आई वेड्यांच्या इस्पितळात जाऊन चैत्रात वर्ष झालं. शफी मुन्शी आठवतो ना, कॅम्पात साहेब लोकांना हिंदुस्तानी शिकवायचा तो? आता डोळे गेलेत त्याचे निम्मे, पण डोकं शाबूत आहे. नाशिकला कोर्टात जाऊन त्यानं माझ्यासाठी कायदा विचारून आणला. म्हणाला, "भागीबाई, ज्यानं अर्ज करून बाईला आत घातलं, त्यानंच उलटा अर्ज केला तर डॉक्टर सोडतो. बाई कुणाला मारत नाही, चावत नाही, तो अडवणार नाही. लेकिन दस्तखत उसीका."

मी म्हटलं, "मी सासू आहे तिची. माझी सही चालत नाही? मला सही येते आता."

"आप की सही का अचार डालो," म्हणाला.

अर्ज तू केला होतास. मग सहीही तुझीच लागणार. कागद सोबत आहे, शफीने इंग्रजीत लिहिला आहे. खाली जागा मोकळी आहे. एवढे शब्द लिहितोस, तिथे आणखी एक लिही. स्वतःचं नाव.

भागीबाई


देवळाली बाजार
८ ऑगस्ट १९३४

रंगनाथ,

कागद आला नाही. शब्द आले.

धोबी इच. हा शब्द मला माहीत आहे का, असं विचारतोस. वा रे वा. पावसाळ्यात सोजिरांना जांघेत गजकर्ण व्हायचं. जाड कपडे, घाम, आणि अंघोळीचा कंटाळा. रात्रभर खाजवायचे. त्या खाजेला त्यांनी आमचं नाव दिलं, की धोब्यानं कपडे घाण पाण्यात धुतले म्हणून झालं. आम्ही कपडे भट्टीत उकळून, दारणेच्या वाहत्या पाण्यात आपटून द्यायचो. एका सार्जंटाने तुझ्या आज्याला हाच शब्द म्हणत बराकीच्या पायरीवरून लाथ घातली होती. गुडघा शेवटपर्यंत दुखला त्याचा. तुझा साहेब विचारतो, शब्द सर्रास वापरात होता काय. होता. लाथेसकट होता.

कुशी. आरामाच्या नोकरीला सोजीर म्हणायचे, ऐकलंय मी. कुशीवर लोळून करायचं काम, म्हणून कुशी असेल. आणखी मूळ मला ठाऊक नाही.

आषाढात मी तुझ्या आईला भेटून आले. कल्याणला गाडी बदलून पुढे दुसरा घाट चढावा लागतो. कल्याणला एका माणसानं मला हमाल समजून त्याची पिशवी डोक्यावर घ्यायला सांगितलं. ते जाऊ दे.

इस्पितळ काही वाईट नाही. बाग आहे, पोटाला मिळतं. फुलाला तिथे कपडे धुवायला लावलंय. म्हणजे घरी करायची तेच करते, फक्त दाराला कुलूप. कुंकू देत नाहीत. तर ही बया विटेचा तुकडा पाण्यात उगाळून कपाळाला लावते. मेट्रन येऊन पुसते. ही परत लावते. ती परत पुसते. कपाळाचं कातडं सोलून लाल झालंय, आता वीट नसली तरी दुरून कुंकूच दिसतं.

मला बघितल्यावर पहिलं काय विचारलं असेल? "आत्याबाई, बसऱ्याचं टपाल आलं का?"

म्हटलं, "नाही."

"बरं." मग म्हणाली, "रंगा का नाय आला? आजारी हाय का?"

"नाही. कामात आहे."

"कसलं काम?"

"शब्द गोळा करतो."

ती हसली. "शब्द काय सांडलेत व्हय कुठं?" मग उठून वाळत घातलेले कपडे उलटे करायला गेली. जाता जाता परत म्हणाली, "खरं सांगा, आजारी नाय ना?"

वेडी आहे की नाही ते मी सांगत नाही, मी काय डॉक्टर नाही. पण कुणी मला विचारलं, की भागीबाई, तुझ्या घरात हिला घेशील का, तर माझ्या घरात हिनं बावीस वर्षं इस्त्री केली आणि एक सदरा जाळला नाही, एवढं मी सांगीन.

सही पाठव.

भागीबाई


देवळाली बाजार
२१ ऑक्टोबर १९३४

रंगनाथ,

अखेर तुझ्या पत्रात आईचं नाव आलं. शब्दांच्या खाली, शेवटच्या दोन ओळींत. "ती तिथे सुखात आहे. आणि बाहेर काढली तर मी गोटीरामशेठना काय सांगू?"

तुझ्या सासऱ्याला काय सांगायचं ते तू आधीच सांगून बसलायस, ते मला ठाऊक आहे. तुला वाटतं म्हातारीला कळलं नाही. तुझ्या लग्नात, गिरगावात, मी पंगतीला बसले होते. तुझी सासू माझ्या पानात लाडू वाढत म्हणाली, "पोरगं गुणी हाय हो. आई लहानपणीच वारली तरी आजीनं चांगलं वळण लावलं." माझ्या तोंडात लाडू होता. मी तो गिळला. अक्काबाई शेजारीण म्हणते, तिथंच बोलायचं होतंस. बोलले असते तर लग्न मोडलं असतं, तू माझ्यावर डूख धरला असतास आणि आज सही मागायलाही तोंड राहिलं नसतं. मला त्याचं काही वाटत नाही.

पण तू विसरला असशील म्हणून एकदा सगळं लिहून ठेवते.

तुझा बाप, माझा रावजी, लढाईत बसऱ्याला गेला तेव्हा तू चार वर्षांचा. पुढच्या साली सरकारी कागद आला. त्यावर एकच शब्द कामाचा होता, मिसिंग. एवढे इंग्रजी शब्द विचारतोस, हा कधी विचारला नाहीस. शफीने वाचून अर्थ सांगितला, हरवला. मी पदर तोंडाला लावला. तुझी आई भट्टीपाशी उभी होती, तिनं काठीनं कपडे खाली दाबले आणि म्हणाली, "हरवला म्हंजी कुठंतरी हाय. नसता तर मेला म्हणले असते. सायबाला मेलेल्याचं मेला म्हणायला काय लाज वाटती का?"

नंतर दुसरा कागद आला, की आता मेला असं धरून चाला. ती म्हणाली, "धरून चालायचं तर मी जिता धरून चालते." पेन्शनच्या कागदावर विधवा लिहिलं होतं, त्यावर अंगठा दिला नाही. पाट लावून देते म्हटलं, माणूसही चांगला बघितला होता मी, चांदवडचा. त्याला हिनं पाणी दिलं आणि सांगितलं, "मालक परगावी हायेत, आल्यावर या."

आपल्यात बारा वर्षं वाट बघतात. बारा वर्षांनी माणूस आला नाही तर पळसाच्या पानांचं माणूस करून त्याला अग्नी देतात, की झालं, सुटला. मी ते केलं. नाशिकला, गंगेवर. माझ्या पोटचं होतं, मला ते कुठेतरी टेकवायचं होतं. फुला आली होती बरोबर. भटानं पानांचं माणूस मांडलं, दर्भानं बांधलं. ती पुढे झाली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "ह्यो कोण?"

भट म्हणाला, "बाई, हा तुझा नवरा समज."

"माझ्या नवऱ्याचा डावा कान फाटका हाय. दावा फाटका कान."

घाटावरची माणसं हसली. भटही हसला. त्या दिवसापासून तिला बाजारात वेडी म्हणायला लागले. तू सोळा वर्षांचा घोडा होतास, पायऱ्या चढून निघून गेलास. अग्नी मला द्यावा लागला असता, रावजीच्या चुलत भावानं दिला.

आणि मग तुझं लग्न ठरलं. तू म्हणालास, आई, लग्नापुरतं तरी कुंकू पूस. सगळ्या जातीला ठाऊक आहे बाप नाही, विधवेनं हळद लावली तर मुलीकडचे मांडवातून उठतील. ती म्हणाली, "पुसते की. तुझ्या बापाला विचारून पुसते. येऊ दे त्याला."

एवढंच तिचं वेड. दुसरं काही असेल तर कळव.

मग तू डॉक्टर आणलास, मॅजिस्ट्रेटपुढे नेलंस, सही केलीस. आणि वेडी आई आहे म्हटलं तर घराण्याला बट्टा, पोरगी कोण देणार? म्हणून इथे वेडी केलीस आणि तिथे मारलीस. तिनं बाप सोळा वर्षं जगवला, तुला आई सोळा दिवस सांभाळता आली नाही.

कागद दुसरा पाठवते आहे. पहिला हरवला असं लिहू नकोस. आमच्या घरी हरवला या शब्दाचा अर्थ लागतो.

भागीबाई


देवळाली बाजार
१९ डिसेंबर १९३४

रंगनाथ,

तार केलीस तेव्हा मला वाटलं कुणी गेलं. अक्काबाईनं तर तुळशीचं पानही काढून ठेवलं. शफीने वाचली तर काय, डूलालीबद्दल त्वरित लिहा.

तुझ्या पत्रात कळलं ते असं. इंग्रजीत डूलाली म्हणजे वेडा. विलायतेत, ज्यानं देवळाली कधी नकाशातही बघितली नाही, तोही शेजाऱ्याला डूलाली म्हणतो. आणि तो शब्द आपल्या देवळालीचा. तुझा साहेब म्हणतो, पुस्तकातून मूळ सापडलं, पण त्या वेड्या सोजिरांना डोळ्यांनी बघितलेलं माणूस पाहिजे, नाहीतर प्रकरण कोरडं होतं. तू छाती ठोकून सांगितलंस, माझी आजी त्या बराकीचे कपडे धुवायची. आता साहेब रोज विचारतो, आणि तुझी बढती त्याच्या हातात.

धुवायचे. मी आणि माझी सासू. सगळं आठवतं मला. कोण कसा होता, काय करायचा, सगळं.

सही पाठव, मग लिहिते.

हसू नकोस. तू शब्दाला किंमत आहे म्हणतोस ना, ही त्याची किंमत. आणि फार दिवस लावलेस तर मी गिरगावात येईन, गोटीरामशेठच्या लाँड्रीत. परटीण परटाच्या दुकानात आली म्हणून कुणी हटकणार नाही. बाकड्यावर बसेन, पाणी मागेन आणि विहीणबाईंना विचारेन, तुमच्या जावयाच्या आईचं श्राद्ध कोणत्या तिथीला घालता?

कुशीचं तू सांगितलंस ते खरं असेल. खुशीवरून कुशी. मी आपलं लोळण्यावरून म्हटलं. शफीही तुझ्याच बाजूने बोलला. बरं, खुशी तर खुशी.

दिवाळीनंतर फुलाला बघून आले. कपाळ बरं झालंय, वीट लावू देत नाहीत, तिथली सगळी खोदून काढली. या खेपेला तिनं टपालाचं विचारलं. तुझं विचारलं नाही. मीच म्हटलं, रंगाचं बरं चाललंय. ती माझ्याकडे असं बघत राहिली, जसं आपण लहान पोराकडे बघतो, ते खोटं बोलत असलं की. मग माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "असू द्या आत्याबाई. तुम्ही जीवाला लावून घेऊ नका."

मला ते आवडलं नाही. लवकर पाठव.

भागीबाई


देवळाली बाजार
२७ जानेवारी १९३५

रंगनाथ,

सही मिळाली. शफीने दिव्याजवळ धरून बघितली, म्हणाला, "वळणदार आहे." तुझ्या अटीही वाचल्या. तिला मुंबईला आणायचं नाही. तुझा पत्ता द्यायचा नाही. गोटीरामशेठच्या दारात पाऊल टाकायचं नाही. कबूल. उद्याच्या गाडीनं निघते.

मी बोलल्याप्रमाणे तुझा माल देते.

वेड्या सोजिरांची बराक वेगळी होती, खिडक्यांना गज. पण आत टाकलेले थोडे. बरेचसे बाहेरच हिंडायचे. तुझ्या पुस्तकात डूलाली टॅप असं आहे आणि टॅप म्हणजे ताप, असं तू म्हणतोस. मला आपलं वाटायचं, डोक्यात कुणी टपली मारल्यासारखं, म्हणून टॅप. तुझंच बरोबर धर. पण अंग गरम नसायचं त्यांचं. मी कपडे घ्यायला जायची, मला ठाऊक.

असं होतं की त्यांची नोकरी संपलेली असायची. कामातून मोकळे, घरी जायचं. पण जहाज थंडीतच यायचं. ज्याचं शेवटचं जहाज चुकलं त्यानं पुढच्या थंडीपर्यंत इथे बसायचं. कवायत नाही, काम नाही, बंदूक काढून घेतलेली. पहिला महिना दारू. दुसरा महिना मारामाऱ्या. उन्हाळा लागला की गप्प व्हायचे, मग आम्हाला कपड्यांवरून कळायचं. एकाच्या सदऱ्याची बटणं चावलेली असायची, सगळी. एकजण धुतलेले कपडे परत धुवायला द्यायचा, घडीसुद्धा न मोडता. एकाचे कपडे यायचे बंद झाले, चौकशी केली तर म्हणे तो नागडाच बसतो, घरी गेल्यावर घालीन म्हणतो.

ब्लायटी ब्लायटी करायचे. तुझ्या यादीत तोही आहे. तू लिहितोस ते आपलं विलायती. शफीला विचारलं, तो म्हणाला, विलायती म्हणजे परमुलखाचं. आपण त्यांच्या कापडाला म्हणायचो, त्यांच्या साबणाला म्हणायचो. त्यांनी ऐकलं आणि आपल्या घरालाच ते नाव दिलं. इथे इतकं राहिले की घरही परमुलूख झालं त्यांना.

एक तांबड्या केसांचा होता. पोरसवदा. रोज सकाळी गाठोडं बांधून नदीवर यायचा, आम्ही कपडे आपटत असू तिथे, आणि विचारायचा, जहाज? माझी सासू म्हणायची, "कल, साहेब, कल." तो खूश होऊन जायचा. दुसऱ्या दिवशी परत. ती परत, कल. धोब्यांची सगळी रांग हसत हसत म्हणायची, कल. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. कार्तिकात खरंच जहाज लागलं. सगळे बरे झाले, निम्मे तर त्याच दुपारी बरे झाले, दाढ्या केल्या, गाणी म्हणत स्टेशनात गेले. हा जाईना. चार जण त्याला धरून नेत होते आणि तो ओरडत होता. शफीला मी तेव्हा विचारलं, काय म्हणतो हा? म्हणाला, जहाज नाही म्हणतो, तुम्ही सगळे खोटारडे आहात.

एवढं मी बघितलं. पुढे त्याचं काय झालं ते मला माहीत नाही.

तुझ्या साहेबाला सांग, वेडाचा शब्द आमच्या गावावरून का पाडला ते कळलं. पण आम्ही वेडे नव्हतो. आम्ही कपडे धूत होतो.

भागीबाई


देवळाली बाजार
९ एप्रिल १९३५

रंगनाथ,

तुझी तीन पत्रं साठली. साहेबानं प्रकरण वाचून खुर्चीतून उठून तुझा हात हलवला, वाचलं. पुस्तकात 'देवळालीच्या एका वृद्ध परटिणीकडून' असं येणार, वाचलं. बढती झाली, वाचलं. सूनबाईंना दिवस गेलेत, तेही वाचलं. आणि आई घरी आली का, कशी आहे, एवढंच विचारतोस म्हणून लिहिते. नवे शब्द पाठवलेस त्यांचं उत्तर यात नाही.

सुटका सोपी झाली. कारकुनानं तुझी सही जुन्या अर्जावरच्या सहीशी लावून बघितली. मला म्हणाला, "तुम्ही कोण?" म्हटलं, "सासू." म्हणाला, "सासू सुनेला न्यायला आली? मी पहिल्यांदा बघतोय." मी म्हटलं, "मग नीट बघून घ्या."

तिला आणली. अंगावर तिचं लुगडं, तेच, चैत्रात नेलं तेव्हाचं. माझ्याकडे बघितलं आणि आधी कपाळाकडे हात गेला. मी करंडा नेला होता. तिथेच फाटकात उभं राहून लावलं तिनं, आरसा नाही काही नाही, मधोमध.

गाडीत बसलो. घाट लागला तशी मी म्हटलं, "रंगानं सही केली बरं का. त्यानंच सोडवलं तुला."

ती खिडकीबाहेर बघत होती.

मी म्हटलं, "ऐकलंस का? तुझ्या रंगानं."

"ऐकलं. सही कुणी बी करतंय आत्याबाई."

"कुणी बी म्हणजे? मुंबईत आहे तो. चांगला धडधाकट."

मग ती माझ्याकडे वळली. शांत होती. एवढी शहाणी मी तिला कधी बघितली नव्हती. म्हणाली, "रावजी येत नाय, मला कळतंय. मधे समुद्र हाय. लढाई झाली, जहाजं बुडाली, वाट चुकली आसंल. पर मुंबई आन इस्पितळ, मधे काय हाय? ह्यो एक घाट. त्यात बी बोगदे काढलेत सायबानं. पोर जितं आसतं तर आलं नसतं का?"

मी पिशवीची गाठ सोडली, परत बांधली.

"पैलं वाटायचं आजारी आसंल. मग दिवाळी गेली. म्या मनाशी म्हणलं, फुले, नवऱ्याचं येगळं, ह्ये येगळं. ह्ये मान्य कर. तुम्ही सांगत नव्हता, माझ्या जीवाला लागंल म्हणून. मला कळत व्हतं."

मी म्हटलं, "अगं तो जिवंत आहे. लग्न झालंय त्याचं. नोकरी आहे."

ती माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. मला समजावत होती ती, रंगनाथ. म्हणाली, "माझं बी पैलं आसंच झालं. म्या बी नाय मानलं. रडा तुम्ही. नातू व्हता तुमचा."

डब्यातल्या एका बाईनं विचारलं, कोण वारलं? हिनं सांगितलं, माझा मुलगा. ती बाई माझ्याकडे बघून चकचक करायला लागली, तिनं केळंही दिलं मला. मी काय करू? पत्ता द्यायचा नाही. मुंबईला न्यायचं नाही. तुझ्या अटी मी कबूल केल्या होत्या. दाखवू काय तिला?

घरी आल्यावर शफीला बोलावलं. त्यानं तुझं पत्र वाचून दाखवलं तिला, बढतीचं. ती पूर्ण ऐकून घेऊन म्हणाली, "मुन्शीजी, तुम्ही लई चांगलं माणूस. सरकारचा कागद बी असाच वाचून दाखिवला व्हता तुम्ही." शफी टोपी काढून बसला आणि चहा न पिता गेला.

मग मी सोडून दिलं.

आता ती बरी आहे. जेवते. इस्त्रीला बसते. लोक येतात बघायला, वेडी सुटून आली म्हणून. अक्काबाईनं विचारलं, काय गं फुला, कसं काय? म्हणाली, "मालक बसऱ्याला हायेत. मुलगा व्हता एक, वारला." अक्काबाईनं माझ्याकडे बघितलं. मी सदऱ्याची कॉलर उलटी करून त्यावर पाणी शिंपडलं.

शिमग्याला पोळी केली नाही. पाडव्याला मी गुढीची काठी धुवून ठेवली होती, तिनं ती उचलून माळ्यावर टाकली. म्हणाली, वर्ष सरू द्या त्याचं. आणि बाजारातले जे लोक तिला कुंकवावरून हसायचे, ते आता हसत नाहीत. पोर गेलेल्या बाईला कोण हसतं? समोरच्या आळीतून चार बायका भाकरी-पिठलं घेऊन आल्या, सुतकाच्या घरी देतात तसं. मी ते खाल्लं. चांगलं होतं.

नातवंड येणार हे तिला सांगितलेलं नाही. कसं सांगू? कुणाचं म्हणून सांगू?

तू आता लिहिशील, की आजी, तिला नीट समजाव. माझं समजावून झालं आहे. फोटो पाठवीन म्हणशील. फोटो मेलेल्यांचेही असतात, आपल्या भिंतीवर आहेत. पैसे पाठवशील तर ती विचारेल, सरकारनं पाठवले का, आणि अंगठा देणार नाही. कागदावरच्या कशावरही तिचा विश्वास नाही, आणि खोटं काय बोलू, कागदानं तिचं काय भलं केलं?

तिला पटेल ते एकच. दारात उभं राहायचं आणि आई म्हणून हाक मारायची. ती बघेल, वाकून बघेल, कान बघेल. मग मानली तर मानली. तेही फार दिवस लावलेस तर मी खात्री देत नाही.

तुझ्या अटीतून मी तुला मोकळा करते. गोटीरामशेठना काय सांगायचं ते तुझं तू बघ.

सकाळची गाडी देवळालीला थांबते.

भागीबाई